तापमानाचा रकाना

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या प्रबंधाला सात महिने उरले होते. विद्यापीठाने दिलेली ती शेवटची मुदतवाढ होती. जूनअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द होणार आणि आठ वर्षांचं काम कपाटात जाणार. हे तिने पुढच्या खोलीत बसता बसताच सांगून टाकलं, पाण्याचा पेला हातात घेण्याआधी.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. भीमपूरकडची. तिचे आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, वडील शाळामास्तर झाले, आणि ती इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. छत्तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई. कॉलेजात होती तेव्हा पहिल्या बाकावर बसायची आणि वर्ग संपल्यावर शंका विचारायची, वर्गात कधीच नाही.

मी आदिलाबादच्या कॉलेजात एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, तेही इंग्रजीतून. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजीतच झालं. तुम्हा दोघा नातवंडांना मात्र मराठीत लिहिते, कारण इंग्रजी वाचायला तुम्हाला तिकडे पुष्कळ आहे. तुमची आई म्हणते, तुम्हाला मराठी वाचता येतं पण कंटाळा येतो. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आधी तिचं काम काय होतं ते. तुमच्या हेडफोनमध्ये, फोनमध्ये, दवाखान्यात हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्रात दोन प्रकारची सर्किटं लागतात. एक फिल्टर: आत आलेल्या सगळ्या कंपनांतून हवी तेवढीच पुढे जाऊ देणारा. दुसरा ऑसिलेटर: स्वतःच एका ठरावीक वेगाने कंप पावत राहणारा, सेकंदाला हजार वेळा, लाख वेळा. त्या वेगाला फ्रीक्वेन्सी म्हणतात. पूर्वी ती बदलायची तर हाताने बटण फिरवावं लागे, नाहीतर एखादा भाग काढून दुसरा बसवावा लागे. तिच्या सर्किटात फिरवायला बटणच नव्हतं. बाहेरून एक अगदी बारीक प्रवाह द्यायचा, त्याला बायस करंट म्हणतात. तो वाढवला की फ्रीक्वेन्सी वाढते, दुप्पट केला की दुप्पट होते. आतला सगळा व्यवहारही व्होल्टेजवर नव्हे तर प्रवाहावरच चालतो. विहिरीत पाणी किती उंच चढलं आहे ते न बघता पंपाच्या तोंडातून मिनिटाला किती पडतं तेवढंच बघावं, तसं काहीसं.

या विषयातली बरीच माणसं सर्किट कागदावर रचतात, संगणकातल्या सॉफ्टवेअरवर चालवून बघतात आणि निबंध छापतात. तिनेही तसे चार छापले होते. पण तिच्या समितीतल्या एकाने बोट ठेवलं: एक तरी ऑसिलेटर टेबलावर चालवून दाखवा. तिच्या पॉलिटेक्निकमधला ऑसिलोस्कोप, म्हणजे कंपनं पडद्यावर लाटेसारखी दाखवणारं यंत्र, मुलांच्या प्रॅक्टिकलला सतत लागे. माझ्या पुढच्या खोलीत एक होता. निवृत्तीनंतर बायका देवधर्माचं काही घेतात, मी ऑसिलोस्कोप घेतला होता. सोबत फ्रीक्वेन्सी मोजणारा काउंटर आणि एक बरा पॉवर सप्लाय.

"रविवारी सकाळी येत जा," मी म्हटलं.

"साताला आली त चालन का मॅडम? अकराला घरी जाऊन सैपाक करा लागते."

"ये."

माझ्या घरी तेव्हा, आणि अजूनही, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण असते, म्हणजे तुमची आत्याआजी. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात तिचं आयुष्य गेलं. तुमचे आजोबा गेल्यानंतर ती माझ्या सोबतीला आली आणि राहिली. तिने पहिल्या रविवारी आम्हा दोघींकडे दारातून बराच वेळ पाहिलं.

"वयनी, रिटायर होऊन धा वर्सं झाले, तुमची शाळा काई सुटून नाई राह्यली," ती म्हणाली. मग माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "काय वं, एवढ्या थंडीत आली तू, चहा तरी पेऊन आली का?"

"नाई आत्या."

"मंग यंत्र कायले चालू करता? पयले चहा करतो."

डिसेंबर-जानेवारीत इथे किती थंडी पडते ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही नेहमी उन्हाळ्यात आलात. पुढच्या खोलीचं तोंड उत्तरेला आहे आणि वर पत्रे. सकाळी साताला तिथे शाल आणि मोजे घालून बसावं लागतं, आणि बारीक तारा ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सर्किट जोडायच्या पाटीच्या, भोकांत खुपसताना बोटं ऐकत नाहीत. सर्किट पहिल्या दोन रविवारी कंपच पावेना. तिसऱ्या रविवारी एका कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाची, जागा बदलली तेव्हा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक हिरवी लाट उभी राहिली आणि हलेना. तिने हात शालीत घेतले आणि पाहत राहिली.

मग मोजणी सुरू झाली. इथे माझा भाग येतो, म्हणून तो नीट सांगते.

वही मी आखली. मला कोरी वही कोणाला आखू देता येत नाही. सात रकाने: अनुक्रमांक, तारीख, सप्लाय व्होल्टेज, बायस करंट, सूत्राने आलेली फ्रीक्वेन्सी, मोजलेली फ्रीक्वेन्सी, मोजणाऱ्याची सही. एकतीस वर्षं मी मुलांना याच रकान्यांत लिहायला लावलं. जी वही या रकान्यांत नसे ती मी परत करत असे. आणि मोजणी लहानापासून मोठ्याकडे करायची हाही माझाच नियम. आधी सर्वांत कमी करंट, मग एकेक पायरी वर. मध्येच इकडची आणि मध्येच तिकडची अशी उडी मारलेली मला चालत नाही.

जानेवारीअखेर आमच्या निम्म्या पायऱ्या झाल्या. फेब्रुवारीपासून तिला पॉलिटेक्निकच्या परीक्षांची ड्यूटी लागली, मग पेपर तपासणी. त्यात एप्रिल गेला. उरलेल्या निम्म्या पायऱ्या, म्हणजे मोठ्या करंटच्या, आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीत रोज बसून संपवल्या. तेव्हा त्याच खोलीत पत्रे इतके तापायचे की टेबलाला हात लावला तरी ऊन लागे. कूलर होता, पण त्याचे तुषार सर्किटवर नकोत म्हणून मी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं.

मोजलेले आकडे तिने आलेखावर मांडले. सूत्राची रेषा सरळ वर जात होती. आमचे लहान करंटचे सगळे ठिपके तिच्या थोडे वर होते आणि मोठ्या करंटचे सगळे थोडे खाली.

"मॅडम, हे काऊन असं दिसून राह्यलं?"

मी विचार केला आणि मला कारण सापडलं. एक नव्हे, दोन सापडली. मोठ्या करंटला ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांमध्ये नको असलेली कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठून राहण्याचा गुण, लपलेली असते, ती वेग ओढून धरते. लहान करंटला बायस देणाऱ्या भागातली चूक त्याला थोडा पुढे ढकलते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पुस्तकांत आहेत. मी त्यावर इंग्रजीत दोन पानं लिहून दिली. माझं इंग्रजी चांगलं आहे आणि त्या दोन पानांत मी ते सगळं वापरलं होतं. तिच्या सरांनी, म्हणजे हैदराबादच्या तिच्या मार्गदर्शकांनी, ती पानं वाचून फोनवर सांगितलं की प्रबंधातला हा सर्वांत उत्तम भाग झाला आहे. मीही तसंच समजत होते.

उरलं होतं ते फक्त फोटोंचं. जानेवारीत तिने फोनवर पडद्याचे फोटो काढले होते, पण त्यात काचेवर माझी शाल आणि मागची खिडकी उमटली होती. सरांनी स्वच्छ फोटो मागितले. म्हणून मेच्या मध्यावर एका दुपारी आम्ही खिडकी बंद करून सर्वांत कमी करंटचं वाचन, म्हणजे रीडिंग, फक्त फोटोपुरतं पुन्हा लावलं. वहीत जानेवारीत तेरा किलोहर्ट्झ होते, माझ्या अक्षरात, तिच्या सहीसह. काउंटरवर पावणेबारा आले.

आम्ही करंट पुन्हा मोजला, बरोबर होता. सप्लाय बरोबर होता. कपॅसिटर बदलून पाहिला. पावणेबारा.

"काउंटर बिघडला असन," ती म्हणाली.

"ऑसिलोस्कोपवर मोज."

तिने पडद्यावरचे चौकोन मोजले. तेही पावणेबाराच सांगत होते.

तेवढ्यात तुमची आत्याआजी चिंच निवडायचं सूप घेऊन खोलीत आली. तिने बंद खिडकी पाहिली, आमचे चेहरे पाहिले.

"ओ बापा, भट्टी लावून बसल्या का दोघी? अन् कूलर भितीले हवा देऊन राह्यला!"

"ताई, पाणी उडतं यावर," मी म्हटलं.

"त्याच्यात पाणी आहे कुठी? सकाळपासून कोनी भरलं नाई. नुसता पंखा आहे तो. मले बसा लागते इथं, आतमंदी चुलीचा धूर आहे." तिने कूलर ओढून स्वतःकडे वळवला. टेबल मध्ये होतं. हवा टेबलावरून तिच्याकडे जाऊ लागली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती उठली आणि कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून आली. आम्ही आपल्याच विवंचनेत होतो, तिला अडवायचं राहून गेलं.

काउंटरचे शेवटचे आकडे वर सरकू लागले. आधी मला वाटलं ते नेहमीसारखे थरथरत आहेत. पण ते एकाच दिशेने जात होते. अकरा आठशे, अकरा नऊशे, बारा. काही मिनिटांनी बारा ओलांडून दोनशेवर आले आणि तिथे रेंगाळले.

माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाख लावायची सळई, तापायला लावली आणि गरम टोक चिपच्या जवळ, न टेकवता, धरलं. आकडे खाली घसरले. दूर नेलं, आकडे चढले. पुन्हा जवळ, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी मी केलं.

सूत्रात एक संख्या असते. ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक सूत्रात असते. मी ती एकतीस वर्षं फळ्यावर सव्वीस मिलिव्होल्ट म्हणून लिहिली आणि मुलांकडून पाठ करून घेतली. ती स्थिर नसते, तापमानाबरोबर वाढते, आणि आमच्या सूत्रात ती छेदात असल्यामुळे ती वाढली की फ्रीक्वेन्सी घटते. हेही मी शिकवलं होतं, पहिल्या महिन्यात, एकदा. संगणकातलं सॉफ्टवेअर, वेगळं सांगितलं नाही तर, खोली सत्तावीस अंशांची धरतं. आदिलाबादला सत्तावीस अंश नोव्हेंबरात एखाद्या दुपारी असतात. आम्ही निम्मी मोजणी दहा अंशांत केली होती आणि निम्मी चाळीसच्या वर. आणि करंट लहानापासून मोठ्याकडे नेल्यामुळे थंडी सगळी एका बाजूला गोळा झाली होती आणि ऊन सगळं दुसऱ्या. उलटसुलट मोजलं असतं तर ठिपके विस्कटलेले दिसले असते आणि आलेख मांडला त्याच दिवशी आम्ही थांबलो असतो.

वहीत तापमानाचा रकाना नव्हता.

मी ते तिला सांगितलं, याच शब्दांत. ती खुर्चीवर बसली. प्रबंधाचं ते प्रकरण छापायला द्यायच्या अवस्थेत होतं आणि दाखल करायला सहा आठवडे होते.

तिने तिथूनच सरांना फोन लावला आणि माझ्यासाठी स्पीकर सुरू केला. सर तेलुगूभाषक, आमचं बोलणं इंग्रजीत चालतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तापमानाचं हे सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "यात नवीन काही नाही. 'मोजणी खोलीच्या तापमानाला केली' एवढं एक वाक्य घाला आणि पुढे चला."

"कोणत्या खोलीच्या, सर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"जानेवारीतल्या की मेमधल्या?"

ते हसले. मग म्हणाले, "हे पाहा, ही मुदत चुकली तर मी काहीही करू शकणार नाही. निर्णय तिने घ्यावा. पण मी सांगतो, परीक्षक हे विचारणार नाहीत." ते चुकीचं बोलत होते असं मला वाटत नाही. माणूस तिच्या भल्याचंच सांगत होता.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुमी सांगा. तुमी सांगसान तसं करतो."

मला सांगता आलं नाही. चूक माझ्या वहीतली होती आणि मुदत तिची. मी तिला सांगितलं असतं की सगळं पुन्हा मोज आणि तिची नोंदणी गेली असती, तर मी माझी टापटीप राखली आणि किंमत तिने दिली असं झालं असतं. एक वाक्य घालून मोकळी हो असं सांगणंही मला जमेना. मी म्हटलं, "उद्यापर्यंत विचार कर." मला हेही सांगायला हवं की त्या वेळी माझ्या मनात त्या दोन पानांचा विचार आला. इतकी चांगली उतरलेली पानं वाया जाणार याचं मला वाईट वाटलं, तिच्या आठ वर्षांच्या आधी.

"काय झालं वयनी? यंत्र मोडलं का?" आत्याआजीने विचारलं.

"नाही ताई. यंत्र ठीक आहे."

"मंग ही पोरगी काऊन रडल्यावानी करून राह्यली?"

"मी नाई रडून राह्यली आत्या," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातालाच ती दारात उभी होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. पॉलिटेक्निकच्या रसायनशास्त्राच्या कपाटातून तिने थर्मामीटर मागून आणला होता. तिने वहीत नवं पान उघडलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी आठ रकाने आखले.

"माझ्याकडं ताप पाहाचं थर्मामीटर होतं की," आत्याआजी म्हणाली. "मांगाच्या साली तुमच्याच तापाले आनलं होतं."

"ते पस्तीसच्या खाली जात नाही, ताई."

"कायले जाईन खाली? माणूस मरन ना मंग!"

उन्हाळ्यात गरम वाचनं मिळायला काहीच अडचण नव्हती. सर्किट दुपारी ओसरीत ठेवलं की त्रेचाळीस अंश. प्रश्न थंडीचा होता. मेमध्ये आदिलाबादला दहा अंश फ्रिजखेरीज कुठे नाहीत. पण फ्रिजमधून काही बाहेर काढलं की त्यावर पाणी सुटतं, आणि दार उघडझाक केली की आतही. तिने उपाय काढला तो तिच्या आईच्या घरचा होता. तिकडे ज्वारीचं बी ओल लागू नये म्हणून डब्यात राख घालून ठेवतात. राख आम्हाला चालणारी नव्हती, म्हणून आम्ही स्टीलच्या मोठ्या डब्यात तळाला उन्हात कडक वाळवलेले तांदूळ पसरले, वर पातळ फडक्यावर सर्किट ठेवलं, शेजारी थर्मामीटर, आणि तारा झाकणाच्या कडेने बाहेर काढून फट मेणाने बुजवली. थर्मामीटरची मान झाकणातल्या भोकातून वर आली.

"माया फ्रिजात वायरी?" आत्याआजीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "दूध नासलं त दोघी फाटक्या दुधाचा चहा पेसान, सांगून ठेवतो."

"आत्या, चार दिवस फक्त."

"चार दिवसांनं आंबे येतात घरात. मंग त्याईले कुठी ठेवू, तुया डोक्यावर?" असं म्हणत तिनेच खालचा कप्पा रिकामा केला आणि पुसून कोरडा केला. चार दिवसांचे नऊ झाले. रोज ती फ्रिजसमोर येऊन थर्मामीटर वाचायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. सगळ्या थंड वाचनांच्या पुढे, खरं म्हणजे, तिची सही असायला हवी होती.

प्रत्येक करंटला आता पाच तापमानं होती. ठिपके पाच सरळ रेषांवर बसले, एकीखाली एक, आणि जानेवारीचे जुने ठिपके सर्वांत वरच्या रेषेजवळ येऊन पडले. मी म्हटलं, "झालं. आता हे लिही आणि दाखल कर. तीन आठवडे आहेत."

"नाई मॅडम."

"आता काय?"

"मंग मी लिहू काय? का माझं सर्किट हिवाळ्यात एक चालते अन् उन्हाळ्यात दुसरं?"

तिला एक गोष्ट सुचली होती. बायस करंटच असा द्यायचा की तापमान जितकं चढेल तितकाच तोही चढेल. मग वर जाणारं आणि खाली जाणारं एकमेकांना खोडतील, तापमानाची भरपाई होईल. ही युक्ती जुनी आहे, पुस्तकांत आहे. पण तिच्या सर्किटात ती बसवायची म्हणजे आणखी एक चिप, आणखी तारा, आणि ती कंप पावेल याची खात्री नाही. मी तिला विरोध केला. चालू असलेल्या गोष्टीला शेवटच्या तीन आठवड्यांत हात लावू नये असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, जसं ती वर्गात ऐकत असे, आणि दुसऱ्या दिवशी नवी चिप घेऊन आली. आधीच्या दोन आणि ही नवी, अशा तिन्ही चिप तिने एकमेकींना चिकटवून ओळीने बसवल्या, कारण तिघींना एकच हवा लागायला हवी होती. एक तार इकडून तिकडे लावली की भरपाई बंद, परत लावली की सुरू. सहा दिवस ते चाललं नाही. सातव्या दिवशी चाललं. पाच रेषा एकमेकींजवळ सरकल्या. एक झाल्या नाहीत, पण जाड पेन्सिलीने एक म्हणून काढता आल्या असत्या. ती तशी काढूया असं मी सुचवलं नाही आणि तिनेही नाही.

माझी दोन पानं तिने माझ्यासमोर संगणकावर निवडली आणि पुसली. क्षणभरही लागला नाही. त्यांच्या जागी तिने जानेवारी आणि मेच्या मोजणीत तापमान लिहायचं राहून गेलं, म्हणून ती वाचनं वेगळ्या तक्त्यात दिली आहेत, असं लिहिलं. मी म्हटलं, वही माझी होती, रकाने माझे होते, हे मी विद्यापीठाला पत्राने कळवते.

"वहीत सही माझी आहे मॅडम," ती म्हणाली. "पत्र नका देऊ."

प्रबंध मुदतीच्या एक दिवस आधी दाखल झाला.

तोंडी परीक्षा डिसेंबरात ठरली. परीक्षक दूरच्या शहरात, सर हैदराबादला, म्हणून संगणकावरून. परीक्षकांना सर्किट चालताना पाहायचं होतं, तेव्हा ती माझ्या पुढच्या खोलीत बसली. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, दाराशी. आत्याआजीला खोकला होता, तिला मी मागच्या अंगणात उन्हात बसवून आले होते.

परीक्षकांनी अर्धा तास सूत्रांवर विचारलं. मग म्हणाले, "तुमच्या जुन्या तक्त्याबद्दल. ती वाचनं वगळता आली असती. ठेवली का?"

"घेतली होती म्हणून," तिने इंग्रजीत उत्तर दिलं.

ते म्हणाले, "भरपाई आत्ता दाखवू शकाल?"

खोलीत चौदा अंश होते. तिने थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरला. भरपाईची तार काढली, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि तीन बोटं चिपच्या ओळीवर दाबून धरली. काउंटरचे आकडे हळूहळू उतरले. बोटं काढून ती थांबली, आकडे परत वर गेले. मग तार लावली आणि बोटं पुन्हा ठेवली. सगळे काउंटरकडे पाहत होते. पहिले आकडे जागचे हलले नाहीत. शेवटचे दोन खाली सरकले, थोडे, पण सरकले.

"अजूनही हलतंय," परीक्षक म्हणाले.

"हो सर."

"कशामुळे?"

मला दाराशी उभं राहून तीन कारणं सुचली. तिन्ही पुस्तकांत होती आणि तिन्ही चांगल्या इंग्रजीत सांगता आली असती. तिलाही ती सुचली असणार. ती माझीच विद्यार्थिनी. तिने बोटं चिपवरून उचलली नाहीत.

"कपॅसिटरमुळे असावं असं मला वाटतं," ती म्हणाली. "पण ते मी मोजलेलं नाही. म्हणून मला माहीत नाही."

सरांच्या चौकटीत सरांनी चष्मा काढला. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं, मग तिला दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. तिने आवाज आणि कॅमेरा बंद केला आणि सर्किटचा सप्लायही बंद केला. आम्ही दोघी पायरीवर जाऊन उभ्या राहिलो.

दहाची बारा मिनिटं झाली. परीक्षकांनी सांगितलं की ते पदवीची शिफारस करत आहेत, आणि कपॅसिटरचं मोजून त्यांना कळवावं. सर हसत होते. ती तीनदा थँक यू सर म्हणाली. मग तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजता तिला वर्ग होता. तिने स्वेटर चढवला, मागे जाऊन आत्याआजीच्या पाया पडली, आणि स्कूटर सुरू करून गेली.